नाणेघाट: गाडीने वरून की पायी कोकणातून? आणि जमलं तर जीवधन

अनघा_ठाणे
नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझे बाबा ६८ वर्षांचे, चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. दरवर्षी फळ्यावर सातवाहनांचा नकाशा काढायचे, पैठण, जुन्नर, कल्याण, सोपारा, आणि मधे सह्याद्रीची जाड रेघ जिथे तुटते तिथे एक फुली, ती फुली म्हणजे नाणेघाट. आणि स्वतः मात्र एकदाही गेलेले नाहीत, हे मला आत्ता कळलं! आई गेल्यापासून ते फारसे घराबाहेर पडत नाहीत, परवा माझ्या लेकीला (वय ९) गोष्ट सांगता सांगता एकदम थांबले आणि म्हणाले, "तो घाट चढायचा राहिला माझा." बघायचा नाही म्हणाले, चढायचा म्हणाले, म्हणून हा धागा.

नवऱ्याचं म्हणणं जुन्नरहून गाडी थेट वर जाते, शिलालेखाची गुहा तिथून पाच-दहा मिनिटांवर, उगाच जोखीम कशाला. मला दोन्ही पटतंय. बाबा रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचा विचार आहे. खालून चढायला किती वेळ लागेल, लेकीला झेपेल का, आणि शेजारचा जीवधन किल्ला याच फेरीत होईल का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सह्यवेडा
खालून. दुसरा विचारच करू नका, खालून.

मुरबाडकर
ताई, आमच्या भागात स्वागत आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे गाव, ते मागे टाकलं की हायवेलाच उजव्या हाताला नाणेघाटाची वाट फुटते, तिथे पाटी आहे. कल्याणवरून माळशेजमार्गे जाणारी कुठलीही एसटी पकडा, कंडक्टरला नाणेघाट म्हटलं की तो उतरवतो. सुरुवातीला जंगलातून जवळजवळ सपाट चालायचं, मग ओढा ओलांडला की चढण सुरू होते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. एकूण चढ साधारण दोन हजार फूट धरा. तरणी पोरं दोन तासात वर जातात, तुम्ही साडेतीन धरा आणि घाई करू नका.

एक महत्त्वाचं. आपली बाजू पश्चिमेची, त्यामुळे सकाळी कड्याची सावली असते. साडेसहाला चालायला लागलात तर निम्मा घाट सावलीत होतो. नऊला सुरू केलंत तर दुपारचं ऊन डोक्यावर आणि तापलेला कातळ पायाखाली, डिसेंबर असला तरी.

मंदार७९
सगळे भावनेच्या भरात सल्ले देतायत, मला जरा उलट बोलू द्या. माझे वडील ६५ चे असताना त्यांना असंच हौसेने घेऊन गेलो होतो, घाट वेगळा होता पण चढ असाच. चढले मस्त, फोटो काढले, गाणी म्हटली. उतरताना अर्ध्यावर गुडघे थरथरायला लागले, बसले ते उठेनात, मग आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून चार तासांनी खाली आलो, तोवर अंधार. ते आयुष्यभर हेच म्हणत राहिले की मजा आली, पण त्या चार तासात मला जो घाम फुटला तो मी विसरलेलो नाही. रोज पाच किलोमीटर सपाटीवर चालणं आणि दगडी पायऱ्या उतरणं यात फार फरक आहे हो. गुहा महत्त्वाची ना? मग जुन्नरहून जा, निवांत दोन तास लेखासमोर बसा.

घाटवाट
मंदारशी अर्धा सहमत. अडचण चढण्याची नाहीये, उतरण्याची आहे, आणि ती सोडवता येते. गाडीने वैशाखऱ्याला या, बाबा, तुम्ही आणि लेक तिथे उतरा, नवरा गाडी घेऊन माळशेज चढून मढ, गणेश खिंड, जुन्नर, आपटाळे करत घाटघरवरून नाणेघाटाच्या माथ्यावर येईल. वाटेत नाश्ता धरून त्याला तीन-साडेतीन तास लागतील, तुम्हालाही तेवढेच. खालून चढा आणि वरून गाडीत बसा. आम्ही आईला असंच नेलं होतं. फक्त बरोबर वाट माहीत असलेला एक माणूस हवाच, तुम्ही दोघी आणि बाबा एवढेच जाऊ नका.

आता खालूनच का हेही सांगतो. वरून गेलात तर नाणेघाट म्हणजे पठाराच्या कडेला एक खाच, तिच्यात शंभर पावलं उतरलं की डावी-उजवीकडे गुहा, फोटो, परत. खालून येता तेव्हा तीन तास तो उभा कडा तुमच्या समोर असतो, वर नानाचा अंगठा नावाचा कडा दिसत असतो, आणि यातून वाट कुठून जाणार हे शेवटपर्यंत कळत नाही. मग झिजलेल्या दगडी पायऱ्या लागतात, कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी येतात, नेमकी जिथे घसा कोरडा पडतो तिथे! आणि मग ती गुहा. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून ठेवलंय की ओझ्याचा बैल इथे थांबेल, माणूस इथे पाणी पिईल. हे पायांना कळतं आधी.

अनघा_ठाणे
घाटवाट, हे तर सुचलंच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला ड्रायव्हिंग माझ्याकडे लागलं, चालेल. मंदार, तुमचा अनुभव वाचून पोटात गोळा आला, आणि बरं झालं लिहिलंत. बाबांच्या डॉक्टरांना विचारून घेते.

शेवंती
आम्ही जुलैमध्ये गेलो होतो उलटा धबधबा बघायला. खरंच पाणी खालून वर येतं, कोकणातून वारा असा काही घुसतो त्या खिंडीत की धार कड्यावरून पडायच्या आधीच वर उडून तोंडावर येते. पण शनिवार होता. घाटघरपासून गाड्यांची रांग, गुहेत दाटीवाटीने चाळीस-पन्नास लोक पावसापासून आडोशाला, कोणी मका खातंय, कोणी स्पीकर लावलाय, आणि भिंतीवर काय लिहिलंय हे एकही जण वळून बघत नव्हता. मीही नव्हतं बघितलं, कारण मला माहीतच नव्हतं. आता धागा वाचून फार चुटपुट लागली. परत जाणार.

ब्राह्मी_शिकतोय
मग मी थोडं लिहितो, कारण हाच भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून जो मोठा लेख आहे तो नागनिका राणीचा. ही पहिल्या सातकर्णीची राणी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक धरतात, काही त्याच्याही मागे नेतात. सुरुवातीला देवांना नमस्कार आहे, धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, मग "चंदसूरानं" म्हणजे चंद्र-सूर्यांना, मग यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. चंदसूर! आजी अंगाईत चांदसूर्य म्हणायची तेच ना जवळजवळ. पुढे राणीचं वर्णन येतं, "मासोपवासिनी", "गहतापसा", "चरितब्रह्मचरिया", म्हणजे महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. नवरा गेल्यावर मुलांच्या वतीने कारभार बघणारी बाई असावी असं यावरून मानतात. मग यज्ञांची यादी, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा किती दिली: गाई, घोडे, हत्ती, गाव, कार्षापण (त्या काळची नाणी), सगळं आकड्यात.

आणि हे आकडेच मला सगळ्यात भारी वाटतात. भारतात अंक कोरून लिहिल्याचे जे सगळ्यात जुने पुरावे आहेत त्यात हा लेख येतो. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार, दहाचं जोडलं की दहा हजार. ताई, तुमच्या लेकीला आधी घरी हे अंक काढायला शिकवा आणि मग तिथे शोधायला सांगा, ती तासभर हलणार नाही.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. डोक्यावर नावं आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार भाय, महारठि त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. पुतळे गेले, नावं राहिली, खाली काही ठिकाणी नुसती पावलं आहेत.

एक टीप. टॉर्च न्या आणि समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. तिरका उजेड पडला की अक्षराच्या खाचेत सावली बसते आणि एकदम ओळीच्या ओळी उठून येतात. हात लावू नका, खडू फिरवू नका, पाणी मारू नका.

सह्यवेडा
इतक्या वेळा गेलो, टॉर्च कायम समोरूनच मारला. डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

जुन्नरी
आमचं गाव तिकडचंच, म्हणून लिहितो. घाटमाथ्याच्या लोकांसाठी नाणेघाट म्हणजे इतिहास वगैरे नंतर, आधी बाजाराची वाट. माझे पणजोबा बाळहिरड्याची पोती डोक्यावर घेऊन घाट उतरायचे आणि येताना मीठ आणि सुकी मासळी घेऊन चढायचे. पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला अख्खं गाव खाली जायचं, बैल बघायला आणि घोंगडी घ्यायला. आजोबा सांगायचे की रात्री उतरताना टेंभे नाही पेटवायचे, चांदण्यातच उतरायचं, कारण टेंभ्याने समोरचं दिसतं पण पायाखालची पायरी दिसत नाही. ब्राह्मीवाल्या दादांचं टॉर्चचं वाचलं आणि हे आठवलं.

रांजण बघायला विसरू नका. घाट चढून माथ्यावर आलं की वाटेच्या कडेला एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकायचे.

डब्लिनकर
रांजणाबद्दल एक शंका कायम मनात आहे. उघड्या तोंडाचा, माथ्यावर, चार महिने धो धो पाऊस पडतो तिथे नाण्यांची पेटी म्हणून असं भांडं कोण ठेवेल? मला तो पाण्याचा वाटतो. घाट चढून आलेल्या माणसाला पहिलं काय लागतं?

जुन्नरी
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या जकातीचा म्हणतात. घाटाचं नावच नाण्यावरून आहे.

डब्लिनकर
नावावरून सिद्ध होत नाही ना दादा. आणि गावात नानाचा अंगठाही म्हणतात की, मग नानाचा घाट का नाही? राग मानू नका, तुमच्या गावचा मान आहेच.

ब्राह्मी_शिकतोय
दोघांनाही सांगतो, नागनिकेच्या लेखाचा जेवढा भाग वाचता येतो त्यात यज्ञ आणि दक्षिणा आहे, जकातीबद्दल काही नाही. म्हणून रांजणाचा प्रश्न लेखावरून सुटत नाही. पण जकात गोळा होत होती का याला माझं उत्तर नक्की हो असं आहे. एवढ्या हजारांनी कार्षापण वाटणारं घराणं आपला पैसा कुठून आणत होतं? आणि राणीने आपला लेख राजधानी पैठणला नाही, इथे, व्यापारी वाटेवरच्या गुहेत कोरला, जिथे प्रत्येक तांडा थांबणार आणि बघणार. ही गुहा लेण्यासारखी नाही, चैत्य नाही, विहार नाही, तीन बाजूंनी बाक सोडलेली बसायची जागा आहे. थांबायची, हिशोब करायची, पावसात आडोसा घ्यायची.

घाटवाट
आणि व्यापाराचं प्रमाण किती होतं ते बघा. पेरिप्लस नावाचं जे ग्रीक खलाशाचं जुनं टिपण आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, त्यात कल्याणही आहे, पैठणही आहे आणि तेरही. म्हणजे दोन टोकं त्याला माहीत होती, मधली वाट ही. जुन्नरच्या आसपास अडीचशेच्या वर लेणी खोदली गेली आणि दान देणाऱ्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची नावं आहेत, ते काही हवा खायला आले नव्हते. पुढे क्षत्रप नहपानाने हा सगळा पट्टा घेतला, त्याचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे, मग गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत जिंकला. दोन्ही घराणी कशासाठी भांडली? मला विचाराल तर बंदरं आणि घाट. ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात पैसा.

आणि म्हणूनच वर जीवधन, अलीकडे चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले. कुलूप एकटं नसतं, कड्याही लागतात.

मुरबाडकर
रांजणाचं माझं मत: आमच्याकडचे लोक त्यात अजूनही एक रुपया टाकतात. म्हणजे आज तरी नाण्यांचाच आहे. :)

मंदार७९
अवांतर होतंय पण विचारतो, तो लेख मराठीतला आहे असं वाचलं होतं. अभिजात भाषेच्या वेळी फार चर्चा झाली होती.

ब्राह्मी_शिकतोय
भाषा प्राकृत. त्यात "महारठिनो" असा शब्द येतो, महारठी घराण्याबद्दल, नागनिका त्याच घराण्यातली. मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा देताना या लेखाचा आधार घेतला जातो तो यामुळे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा पुन्हा त्याची आठवण निघाली. आजची मराठी म्हणून वाचायला गेलात तर अडखळाल, पण पणजीच्या पणजीचा आवाज ऐकावा तसं वाटतं. नमो, चंदसूर, कुमारो. कान लावला की ओळखीचं आहे.

शेवंती
हे वाचताना अंगावर काटा आला. धागा कुठून कुठे गेला, पण जीवधनबद्दल कोणी बोलेना?

सह्यवेडा
जीवधन माझ्यावर सोडा. दोन वाटा आहेत. एक नाणेघाटाच्या बाजूने कारवीच्या जंगलातून, वानरलिंगी सुळक्याच्या जवळून, कल्याण दरवाजाने. दुसरी घाटघर गावातून जुन्नर दरवाजाने. पहिली वाट देखणी पण तिथे मधल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे एक कातळटप्पा खोबणीत हात-पाय रोवून चढावा लागतो आणि मागे दरी आहे. मी एकदा एका ग्रुपबरोबर गेलो होतो, चाळीस जण, दोर एक, आणि टप्प्यावर रांग लागली. वरून एकीची सॅक निसटली ती माझ्या खांद्याला घासून खाली गेली, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. तेव्हापासून मोठ्या ग्रुपबरोबर तिथे जात नाही आणि कोणाला जाऊ देत नाही.

कल्याण दरवाजा मात्र बघण्यासारखा आहे, कातळाच्या पोटात बसवल्यासारखा, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गडाच्या मधोमध धान्यकोठार आहे, तिथे गजलक्ष्मी कोरलेली, आत एकामागून एक अंधाऱ्या खोल्या. त्यात पायाखाली राख लागते. १८१८ च्या युद्धात आग लागली त्यातलं जळालेलं धान्य असं सांगतात. निजामशाहीच्या शेवटी शहाजीराजांनी मुर्तझा नावाच्या ज्या लहान मुलाला गादीवर बसवलं तो याच गडावर कैदेत होता, इथून त्याला काढून पेमगिरीला नेलं. टोकावर गेलं की समोर वानरलिंगी, साडेतीनशे फुटांच्या वरचा सुळका, गडापासून सुटून एकटाच उभा.

थोडक्यात: बाबांना नेऊ नका. लेकीलाही पहिल्या वाटेने नाही. ताई, तुम्ही घाटघरच्या वाटेने माहीतगार घेऊन जा.

अनघा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी हो म्हटलंय, सावकाश आणि दर अर्ध्या तासाला बसायचं या अटीवर. मुरबाडकरांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) वाट माहीत असलेल्या एकाचा नंबर दिला. बाबांना काहीच सांगितलं नाहीये, फक्त बूट आणलेत. त्यांनी खोका उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचे सहा मजले जिन्याने चढायला लागले.

मंदार७९
काठी घ्या. एक नाही, दोन.

अनघा_ठाणे
(तीन आठवड्यांनी) जाऊन आलो!! लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

पावणेसातला वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो. बरोबर मुरबाडकरांनी दिलेले दादा, पन्नाशीचे, पायात साध्या चपला. जंगलात धुकं होतं आणि गवतावर इतकं दव की लेकीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. पहिल्या तासात बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं त्रास होतोय, दोनदा विचारलं, हाताने फक्त थांब अशी खूण. मग ओढ्यापाशी बसल्यावर म्हणाले, "मी पायऱ्या मोजत नाहीये, बैल मोजतोय." म्हणजे काय विचारलं तर म्हणे एका वेळी किती बैल या वाटेवर मावतील, समोरून तांडा आला तर कोण कुठे थांबेल, हे बघत चाललोय. दादांनी लगेच दोन-तीन जागा दाखवल्या, जिथे वाट जरा रुंद आहे, आणि म्हणाले आमच्यात इथेच ओझं उतरवायची पद्धत. बाबांनी वहीत लिहून घेतलं. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस दादांसमोर विद्यार्थ्यासारखा उभा होता.

शेवटच्या टप्प्यात दम लागला, खोटं कशाला बोलू. दर पंचवीस पायऱ्यांना थांबलो. मंदार, दोन्ही काठ्या लागल्या, शब्दशः तुमचे आभार मानत चढत होते. टाक्यापाशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बाबांनी टाक्याच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर जागी आहे." घाटवाट, तुमचंच वाक्य, त्यांनी धागा वाचलेला नसताना.

गुहेत आम्ही चौघंच, सोमवार होता. आधी मी मुद्दाम टॉर्च समोरून मारला, ओबडधोबड भिंत, डाग, काहीच नाही. मग लेकीने भिंतीच्या बाजूला उभं राहून तिरका मारला आणि अक्षरं अशी वर आली की ती "आई!" म्हणून ओरडलीच. तिला अंक शोधायचे होते, एक आडवी रेघ, दोन आडव्या रेघा, असं करत ती खाली बसून, मान वाकडी करून, नाक भिंतीपासून वीतभर. हजाराचं चिन्ह तिलाच आधी सापडलं. बाबा डावीकडून सुरू करून बोट हवेत ठेवून, भिंतीला न लावता, एकेक अक्षर लावत होते. "चंदसूरानं" पाशी आले आणि थांबले. मोठ्याने म्हटलं. परत म्हटलं. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "गहतापसा" काही त्यांना भिंतीवर सापडलं नाही, तिथे दगड फार झिजलाय, पण अर्थ मी सांगितला तेव्हा म्हणाले, "तुझी आई." बाकी काही नाही बोलले, मीही नाही बोलले.

मागच्या भिंतीवरची पावलं लेकीने मोजली आणि कुठलं पाऊल कोणाचं हे आजोबांना विचारत बसली.

नळीतून वर आलो तर नवरा रांजणापाशी उन्हात बसलेला, थर्मासमधे चहा. बाबांनी रांजणात वाकून बघितलं, तळाला थोडं पाणी आणि पाण्यात नाणी. जुन्नरी आणि डब्लिनकर, दोघांचंही खरं निघालं!

घाटघरला एका घरी मुक्काम केला. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, आणि त्यांच्या घरच्या आंबेमोहोराचा भात. दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा जुन्नर दरवाजाच्या वाटेने जीवधनवर गेलो, बाबा आणि लेक अंगणातून आमच्याकडे बघत होते. कोठारात गेलो, राख खरंच आहे, मऊ आणि काळी, बूट आत रुततो. वानरलिंगीसमोर उभी राहिले तेव्हा खाली कोकण असं पसरलेलं, आणि ज्या जंगलातून आलो ते हाताच्या पंजाएवढं. तिथून मला पहिल्यांदा नीट समजलं की किल्ल्यावर बसलेल्या माणसाला घाटात शिरणारा तांडा किती आधीपासून दिसत असेल.

सह्यवेडा
वाचून डोळे भरले ताई. पुढच्या वेळी चावंड करा बाबांना घेऊन, सात टाकी आहेत सप्तमातृकांची, आणि बहादूर निजामशहा लहानपणी तिथे कैदेत होता, शिकवायला भरपूर आहे.

ब्राह्मी_शिकतोय
काकांना माझा नमस्कार सांगा. लेकीसाठी अंकांचा एक तक्ता करून पाठवतोय, चुकलं असेल तर तिने मला सांगायचं.

मंदार७९
गुडघे कसे आहेत?

अनघा_ठाणे
दोन दिवस तेल चोळलं, आता छान. फळा नाही म्हणून फ्रिजवर नकाशा चिकटवलाय, त्यात फुलीच्या जागी आता पायऱ्या काढल्यात, मधे दोन बैल थांबलेले.

मुरबाडकर, बाबा विचारतायत म्हशाची जत्रा यंदा कधी?

मुरबाडकर
पौष पौर्णिमेपासून. आदल्या रात्री आमच्याकडे या, पहाटे बैलबाजार बघायला मी घेऊन जातो काकांना. घोंगडी मात्र पहिल्याच दिवशी घ्यायची, चांगली लगेच संपतात.